बकासुराची पाळी

जळगावाहून धुळ्याकडे जाऊ लागले म्हणजे वाटेत एरंडोल लागते. अंजनी नदीच्या काठचे हे गाव म्हणजेच महाभारतातील एकचक्रा नगरी, अशी खानदेशातील लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. गावापासून काही अंतरावर पद्मालय हे गणपतीचे क्षेत्र आहे. त्याच्या जवळच्या रानात भीमकुंड दाखवितात, आणि भीमाने बकासुरास लोळविले ते येथेच, असे सांगतात. एकचक्रेचा मान सांगणारी गावे हिंदुस्थानात आणखीही आहेत; धुळ्यास १९२७ साली स्थापन झालेल्या राजवाडे संशोधन मंडळात दप्तरे चाळीत बसणारा अभ्यासक या समजुतीकडे पाहून हसेलही. पण ज्या प्रदेशातील आजीने नातवास बोट दाखवून ‘त्या तिथे’ म्हणून बकासुराची गोष्ट सांगितली, त्या प्रदेशातील माणूस ही गोष्ट विसरत नाही. पुढे पन्नाशीत त्याच्या हाती मुलाच्या टेबलावरची एखादी इंग्रजी कादंबरी पडली, तर ती तो याच गोष्टीशेजारी ठेवून वाचणार, हे उघड आहे.

ही कादंबरी म्हणजे सूझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’. ती २००८ साली प्रसिद्ध झाली, २००९ व २०१० साली तिचे पुढील दोन खंड निघाले आणि २०१२ साली तिच्यावर चित्रपट झाला. लेखन उमलत्या वयाच्या वाचकांसाठी आहे. रामराज्याच्या अगदी उलट टोकाचे जे राज्य, त्याची कल्पना करून कथा रचण्याचा प्रकार पाश्चात्त्य वाङ्मयात जुना आहे. त्यास दुःस्वप्नराज्याची कादंबरी म्हणण्यास हरकत नाही. पूर्वी असल्या कादंबऱ्या मोठ्यांनी मोठ्यांसाठी लिहिल्या. गेल्या काही वर्षांत त्या मुलांसाठी लिहिल्या जाऊ लागल्या, आणि शहरांतील इंग्रजी शाळांच्या वाटेने त्या मराठी घरांतही आल्या.

कथा थोडक्यात अशी. उत्तर अमेरिकेच्या विध्वंसानंतर तेथे पॅनेम नावाचे राज्य उभे राहिले आहे. मध्ये कॅपिटॉल ही ऐषारामी राजधानी आणि भोवती बारा प्रांत. प्रत्येक प्रांताने राजधानीस एकेक वस्तू पुरवायची: कोणी कोळसा, कोणी कापड, कोणी धान्य. पूर्वी या प्रांतांनी बंड केले होते. तेराव्या प्रांताचा तेव्हा नाश झाला. त्या बंडाची शिक्षा म्हणून दरसाल प्रत्येक प्रांतातून चिठ्ठ्या टाकून एक मुलगा आणि एक मुलगी निवडतात. अशी ही चोवीस मुले एका रानात सोडून देतात. त्यांनी एकमेकांस मारायचे आणि उरेल तो जिंकला. हा सारा प्रकार राज्यभर पडद्यावर दाखवितात, आणि तो पाहणे सक्तीचे असते. बाराव्या प्रांतातील कॅट्निस ही सोळा वर्षांची मुलगी कथेची नायिका आहे. चिठ्ठी निघते ती तिच्या बारा वर्षांच्या धाकट्या बहिणीच्या, प्रिमच्या, नावाची. कॅट्निस पुढे होते आणि बहिणीच्या जागी स्वतः जाते.

प्रौढ वाचकाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली आहे. मुलांनी मुलांस मारण्याची गोष्ट मुलांच्याच हाती का द्यावी? अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असलेल्या साने गुरुजींच्या पुस्तकांवर ज्या खानदेशी घरांनी आपली मुले वाढविली, त्या घरांत हा प्रश्न अधिकच तीव्रतेने उठावा, हे स्वाभाविक आहे. मुलाच्या हाती द्यावयाचे पुस्तक म्हणजे ते वाचून त्याचे डोळे भरून यावेत आणि त्याने आईच्या कुशीत शिरावे, अशी त्या घरांची धारणा. ‘हंगर गेम्स’ वाचून मुलगा आईच्या कुशीत शिरत नाही. तो तिच्याकडे जरा संशयाने पाहू लागतो.

पण भीषणतेचा हा आक्षेप फार वेळ टिकत नाही. मराठी आजीच्या गोष्टींत भीषण काय नाही? कंसाने देवकीची पोरे शिळेवर आपटली. हिरण्यकशिपूने पोटच्या पोराला कड्यावरून लोटले. चांगुणेने तर अतिथीच्या हट्टापायी चिलयाबाळाचे शिर उखळात घालून कांडले, आणि ही कथा बायका दळताकांडताना गात असत, पोरेही मांडीवर डोके ठेवून ती ऐकत असत. मुलांना क्रौर्य सांगू नये असे या लोकांस कधी वाटलेले दिसत नाही. म्हणून प्रौढ वाचकाने ही कादंबरी मिटून ठेवण्याऐवजी बकासुराची कथा पुन्हा एकदा मुळातून काढून पाहिली, तर त्याला बोचणारे खरे शल्य कोठे आहे, ते अधिक नीट कळते.

आदिपर्वातील बकवधाची कथा मुलांना आवडते ती भीमामुळे. राक्षसासाठी नेलेले गाडाभर अन्न तो स्वतःच खात बसतो, राक्षस पाठीवर गुद्दे घालतो, आणि हा वळूनही पाहत नाही. मुलांच्या दृष्टीने कथा एवढीच. मूळ ग्रंथात मात्र भीम गाडी जुंपण्यापूर्वी पुष्कळ पाने गेलेली आहेत, आणि ती सारी एका घरात गेलेली आहेत. नगरीस बकाने परचक्रापासून अभय दिले आहे. त्याबदली प्रत्येक घराने पाळीने गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस द्यायचा. पाळी चुकविणाऱ्याच्या सबंध घराचा फडशा. राजा आहे, पण तो नालायक आहे. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव गुप्तपणे राहिले आहेत, त्याची पाळी येते. ब्राह्मण म्हणतो, मी जातो. पत्नी म्हणते, तुमच्यावाचून मुलांचे पालन मला होणार नाही, तेव्हा मीच जाते. मुलगी म्हणते, मला आज ना उद्या परघरी द्यायचीच, तर आजच द्या. बाप म्हणतो, लोक मुलीपेक्षा मुलाला अधिक मानतात, मला दोघेही सारखी. तिघेही रडू लागतात. तोच घरातील अगदी लहान मूल हाती गवताची काडी घेऊन बोबड्या बोलांनी म्हणते, या काडीने मी राक्षसाला मारतो. त्या दुःखातही सर्वांना हसू येते. हे सारे दाराआडून ऐकून कुंती आत येते आणि आपला पुत्र देऊ करते. ब्राह्मण तेही प्रथम नाकारतो, कारण अतिथीच्या जीवावर आपला जीव वाचविणे त्याला पाप वाटते.

एकचक्रेच्या घरात कोणी कोणास पाठवीत नाही. प्रत्येक जण स्वतः निघतो, आणि मोठी माणसे प्रथम निघतात. पॅनेमच्या कायद्याने नेमके हेच अशक्य करून ठेवले आहे. चिठ्ठी बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींचीच, आणि त्यांच्या जागी स्वेच्छेने जायचे तर त्यानेही त्याच वयातले असायला हवे. बापाला ‘मी जातो’ म्हणण्याची सोय नाही. आईला नाही, चुलत्याला नाही, शिक्षकाला नाही. चौकात दोऱ्या बांधून मुलांना वयाप्रमाणे उभे करतात आणि मोठी माणसे त्या दोऱ्यांच्या बाहेर उभी राहतात. कॅट्निस पुढे होते तेव्हा टाळ्या वाजवाव्यात अशी अपेक्षा असते. लोक टाळ्या वाजवीत नाहीत, तीन बोटे ओठांना लावून ती तिच्या दिशेने उंचावतात. तरुण वाचकाला हे दृश्य फार थोर वाटते. पन्नाशीतल्या वाचकाला त्यातील थोरपणा दिसतो, पण त्याच्याबरोबर हेही दिसते की हे लोक त्र्याहत्तर वर्षे असेच दोरीच्या बाहेर उभे राहत आले आहेत, आणि हा खेळ चौऱ्याहत्तरावा आहे.

तरुण आणि प्रौढ वाचक येथून वेगळे होतात. मुलगा रानात शिरतो. धनुष्यबाण, विषारी माशा, सापळे, कोण मेले आणि कोण उरले, हे पाहू लागतो. बाप दोरीच्या बाहेरच राहतो आणि हिशेब करू लागतो.

हिशेब या कादंबरीत भरपूर आहेत, आणि ते लेखिकेने फार विचारपूर्वक घातले आहेत. बाराव्या वर्षी मुलाची एक चिठ्ठी पडते, तेराव्या वर्षी दोन, आणि असे करीत अठराव्या वर्षी सात. पण घरी दाणा नसेल तर मुलाला जादा चिठ्ठीच्या मोबदल्यात एका माणसाचे वर्षभराचे बेताचे धान्य आणि तेल मिळते. घरात जितकी माणसे, तितक्या चिठ्ठ्या दरवर्षी वाढविता येतात, आणि त्या साठत जातात. कॅट्निसने स्वतःसाठी, आईसाठी आणि बहिणीसाठी असे धान्य दरसाल उचलले आहे. म्हणून सोळाव्या वर्षी तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत. तिच्या सोबत्याचे घर मोठे, त्याच्या बेचाळीस. प्रिमला तिने एकही जादा चिठ्ठी घेऊ दिलेली नाही, आणि त्या एकुलत्या एका चिठ्ठीवरच घाला पडतो. सोडत सर्वांना सारखी असल्याचे सरकार सांगत राहते आणि गरिबाचे मूल मात्र अधिक वेळा त्या घागरीत असते. ज्यांच्या आज्यापणज्यांनी सावकाराकडून वाढीदिढीने धान्य उचलले, त्या खानदेशी वाचकाला हे कलम कोणी उलगडून सांगावे लागत नाही. एकेका प्रांताने एकेक जिन्नस पिकवून दूरच्या नगरीस द्यायचा, हेही त्याला नवे नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांसाठी खानदेशच्या कापसाचे भाव चढले आणि युद्ध संपताच कोसळले. त्या भावात येथील शेतकऱ्याचा हात कोठेच नव्हता.

यानंतर प्रौढ वाचक ज्या पात्रापाशी थबकतो, ते पात्र बहुतेक मुलांच्या लक्षातही राहत नाही. ते म्हणजे कॅट्निसची आई. नवरा खाणीतील स्फोटात गेल्यावर ही बाई खुर्चीत किंवा अंथरुणात शून्य नजरेने पडून राहते. मुली उपाशी मरण्याच्या पंथाला लागतात तरी ती उठत नाही. अकरा वर्षांची कॅट्निस पावसात लोकांच्या उकिरड्यावर अन्न शोधीत हिंडते. भटारखान्यातील मुलगा मुद्दाम जाळलेले दोन पाव तिच्यापुढे टाकतो, तेव्हा त्या दिवशी घरात अन्न येते. आई पुढे सावरते, पण मुलगी तिला मनातून क्षमा करीत नाही. रानात जाण्यापूर्वीच्या निरोपाच्या वेळी ती आईला बजावून सांगते की या वेळी असे पडून राहायचे नाही. लेखिकेने हा प्रसंग मुलीच्या बाजूने रंगविला आहे आणि मुलीचे म्हणणे खरेही आहे. तरी एक गोष्ट येथे नमूद करावी लागते. दुःखाने खचलेली आई ही दुष्ट आई नव्हे, आणि सोळा वर्षांच्या निवेदिकेला ते समजत नाही म्हणून वाचकानेही ते समजून घेऊ नये असे नाही. सारी कथा कॅट्निसच्या तोंडून, चालू वर्तमानकाळात सांगितलेली असल्यामुळे दुसऱ्या कोणाची बाजू येण्यास वावच राहिलेला नाही. त्यामुळे कथेला विलक्षण वेग येतो खरा. पण मोठ्यांची दुःखे तिच्या कडेकडेने निसटून जातात.

दुसरे पात्र हेमिचचे. बाराव्या प्रांतातून पूर्वी जिंकून आलेला हा एकच माणूस जिवंत आहे, आणि निवडल्या गेलेल्या मुलांना शिकविण्याचे काम त्याच्याकडे आहे. तो सदा दारूच्या नशेत असतो. मुले त्याला हसतात. तो जिंकला पन्नासाव्या खेळात. म्हणजे मधली तेवीस वर्षे, दरवर्षी दोन याप्रमाणे, शेहेचाळीस मुले त्याने शिकवून पाठविली आणि त्यांपैकी एकही परत आले नाही. हा गुणाकार कादंबरीत कोणी करून दाखविलेला नाही. तो वाचकाने करायचा आहे. आणि एकदा केला की त्या माणसाच्या दारूला हसण्याची इच्छा राहत नाही.

आणि मग तो भाकरीचा प्रसंग येतो. अकराव्या, म्हणजे शेतीच्या प्रांतातून रू नावाची बारा वर्षांची मुलगी आलेली असते. रानात तिची आणि कॅट्निसची मैत्री होते. ती मारली जाते तेव्हा कॅट्निस तिच्या प्रेताभोवती रानफुले रचते. काही वेळाने आकाशातून एक देणगी उतरते: बिया लावलेला, चंद्रकोरीच्या आकाराचा, अकराव्या प्रांताचा पाव. खेळातील मुलांना अशा देणग्या श्रीमंत लोक पाठवितात आणि त्यांची किंमत अफाट असते. ज्यांच्या घरी खायला नाही अशा लोकांनी आपसांत वर्गणी करून, आपले मूल गेल्यावर, परक्या प्रांताच्या मुलीला ती पाठविली. पहिल्या खंडात मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांसारखे केलेले कृत्य शोधू गेले तर हे एकच ठळकपणे सापडते. खानदेशात कोणी गरीब घरातून फडक्यात बांधून कळण्याची भाकरी पाठविली, तर तिचा अर्थ जसा घेणाऱ्याला न सांगता कळतो, तसाच या पावाचा अर्थ कॅट्निसला कळतो. ती मोठ्याने त्या लोकांचे आभार मानते.

कादंबरीचे दोष सांगितल्यावाचून तिची योग्यता सांगणे लबाडीचे होईल. कॅपिटॉलचे रहिवासी रंगविताना लेखिकेने रंगीत केस आणि विचित्र पोशाख यांवर फार भर दिला आहे. ती माणसे कमी आणि बाहुल्या अधिक वाटतात. नायिकेचे मन दोन तरुणांत हेलकावे खाते, त्या भागाने बरीच पाने विनाकारण अडविली आहेत. सर्वांत मोठा दोष निराळाच आहे. चोवीस मुलांच्या या कत्तलीत लेखिकेने नायिकेचे हात होता होईल तो स्वच्छ ठेवले आहेत. कॅट्निसच्या हातून जी मुले मरतात, ती आधीच क्रूर म्हणून दाखविलेली असतात किंवा तिच्या जीवावर उठलेली असतात. शेवटच्या मुलाला तर ती यातनांतून सोडविण्यासाठी बाण मारते. रू तिच्याच हातून मरायची वेळ आली असती तर? तो प्रश्न लेखिका उद्भवूच देत नाही, रूला दुसऱ्या कोणाच्या भाल्याने मारून टाकते. मुलांसाठी लिहिताना हात आखडला असेल. पण ज्या खेळाचा भेसूरपणा हाच विषय, त्यात नायिकेपुरता तो भेसूरपणा टाळणे म्हणजे विषयाला बगल देणे होय.

तथापि घरातील तरुण वाचकापुढे हे दोष मांडून फारसा उपयोग होत नाही, कारण त्याचे म्हणणे वेगळेच असते. तो म्हणतो, ही गोष्ट आमचीच आहे. आम्हालाही वयाप्रमाणे रांगेत उभे करतात, आमच्याही नावाची चिठ्ठी निघते, आणि सारा गाव पडद्यावर आमचा निकाल पाहत बसतो. वैद्यकीय प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा २०२४ साली तेवीस लाखांवर मुलामुलींनी दिली, देशभरच्या एम्‌.बी.बी.एस्‌.च्या जागा सव्वा लाखाच्या आत होत्या. म्हणजे वीस-बावीसांत एक. तिकडे चोवीसांत एक.

प्रौढ वाचकाला हा युक्तिवाद प्रथम अतिशयोक्त वाटतो, आणि तो तसा आहेही. परीक्षेत मागे पडलेला मुलगा घरी येतो, जेवतो, दुसरे काही शिकतो. मरणाशी तिची तुलना करणे हा मरणाचाही अपमान आहे. धुळ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होतेच, जळगावास ते २०१८ साली निघाले. जागा वाढतात, वाटा वाढतात. हे सारे खरे. पण या वादात बापाने आणखी एक हिशेब करावयास हवा. पॅनेममध्ये मूल जादा चिठ्ठ्या घेते ते घरच्यांच्या पोटात दाणा जावा म्हणून. इकडे घर आपला दाणा कमी करते ते मुलाच्या नावाची चिठ्ठी पडावी म्हणून. कापूस विकून आलेली रक्कम लातूरच्या किंवा कोट्याच्या शिकवणीच्या फीत जाते, एखादे खाचर गहाण पडते, आणि ही गोष्ट मुलाला रोज आठवण करून दिली जाते किंवा, त्याहून वाईट, मुळीच बोलून दाखविली जात नाही. चिठ्ठी टाकणारा येथे कोणी राक्षस नाही. तो मुलावर प्रेम करणारा बाप आहे. मुलाने दुःस्वप्नाची गोष्ट आपली म्हणून उचलली, यात त्याचे काही चुकले असेल; पण त्याला ती कोठे भेटली, हे पाहिले पाहिजे.

याच ठिकाणी खानदेशच्या स्वतःच्या एका कादंबरीची आठवण होणे अपरिहार्य आहे. भालचंद्र नेमाडे हे जळगाव जिल्ह्यातील यावल तालुक्यातल्या सांगवीचे. त्यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली तेव्हा लेखक आणि नायक दोघेही पंचविशीतले होते. सांगवीच्या सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग शिकायला पुण्यास जातो, वसतिगृहात राहतो, पुढारीपण करतो, पैसे उधळतो, नापास होतो आणि गावी परत येतो. यात राजधानी नाही, सोडत नाही, राक्षस तर नाहीच. तरी एका प्रकरणात पांडुरंग आणि त्याचा मित्र कल्पनेने दूरच्या भविष्यकाळातील संशोधक होतात आणि आपल्याच काळाचे उत्खनन करून त्याची हास्यास्पद टाचणे काढतात. मराठी कादंबरीत दुःस्वप्नराज्याच्या जवळ जाणारे असे लेखन त्या काळी विरळाच. नवल असे की अमेरिकन आणि खानदेशी, दोन्ही कथांचे काळीज एकाच ठिकाणी आहे: धाकट्या बहिणीत. पांडुरंगाची मनी देवीच्या रोगाने मरते, आणि त्यानंतर त्याचे जग पूर्वीसारखे राहत नाही. प्रिमसाठी कॅट्निस पुढे होते, तरी तिसऱ्या खंडात प्रिम मरतेच. आणि तीही, बहुधा, स्वपक्षाने टाकलेल्या बाँबने.

विशीत ‘कोसला’ वाचणारा मनीच्या मृत्यूत जगण्याचे वैयर्थ्य पाहतो. पन्नाशीत तेच पान वाचताना दुसरेच काही डोळ्यांपुढे येते. देवीची लस हिंदुस्थानात प्रथम टोचली गेली ती मुंबईस, १८०२ साली. देशभर देवी निर्मूलनाची मोहीम निघाली १९६२ साली, आणि देशातील देवीचा शेवटचा रुग्ण आढळला १९७५ साली. मनीसारखी पोरे गेली ती औषध ठाऊक नव्हते म्हणून नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी सापडलेली लस त्यांच्या दंडापर्यंत वेळेवर पोहोचली नाही, म्हणून. त्या दिरंगाईला कोणा एकाचे नाव देता येत नाही. पांडुरंगाला हे सुचत नाही, आणि त्या वयात त्याला सुचावे अशी अपेक्षाही नाही. ते सुचायला हवे होते दोरीच्या बाहेर उभ्या असलेल्यांना.

आता ‘हंगर गेम्स’चा शेवट. मुलांना पहिला खंड सर्वांत अधिक आवडतो; प्रौढ वाचकाने तिसरा वाचावा. बंड यशस्वी होते, कॅपिटॉल पडते, आणि बंडाची अध्यक्षा जिंकून आलेल्या जुन्या खेळाडूंपुढे ठराव मांडते की आता एक शेवटचा खेळ व्हावा, या वेळी कॅपिटॉलच्या मुलांचा. सूड पुरा झाल्याचे समाधान लोकांना मिळेल, हे कारण. मतदान होते. कॅट्निस ठरावाच्या बाजूने मत देते. आणि पुढे पदच्युत अध्यक्षावर बाण सोडण्यासाठी तिला उभे करतात, तेव्हा ती धनुष्य वळवून बंडाच्या अध्यक्षेलाच मारते. तिचे मत ही बतावणी होती की त्या क्षणी तिला खरोखरच सूड हवा होता, हे लेखिकेने स्पष्ट केलेले नाही. लेखिकेचे वडील हवाई दलात होते. ती लहान असताना ते व्हिएतनामच्या युद्धावर गेले होते. युद्ध जिंकल्यावर जिंकणाऱ्यांचे काय होते, हा प्रश्न तिने मुलांपुढे मांडला आणि त्याचे सोपे उत्तर दिले नाही, ही या मालिकेची सर्वांत मोठी योग्यता होय.

भीमाने काय केले? बक पडल्यावर त्याचे परिवारातले राक्षस घाबरून बाहेर आले. भीमाने त्यांना मारले नाही. यापुढे माणसाच्या वाटेला जायचे नाही, असे त्यांच्याकडून कबूल करून घेतले, बकाचे प्रेत नगराच्या वेशीत आणून टाकले आणि तो कोणाला न दिसता घरी परतला. पोरांना गोष्ट सांगताना हा भाग बहुधा गळतो. राक्षसाचे गाडे त्याच्याच लोकांच्या दारी पाळीने लावावेत, असे कोणाच्या मनातही येत नाही.

राहता राहिला प्रश्न, पुस्तक मुलाच्या हाती द्यावे की नाही. पहिला खंड बारातेरा वर्षांच्या मुलाने वाचण्यास हरकत दिसत नाही. बक त्याने त्याहून लहानपणीच ऐकलेला असतो. दुसरा खंड पहिल्याचीच बरीचशी पुनरुक्ती आहे, तो वाचला तरी चालेल, न वाचला तरी फारसे बिघडत नाही. तिसरा मात्र पंधरासोळाच्या आत देऊ नये, कारण त्यात कोण आपले हे ओळखू येत नाही आणि ते न ओळखता येणे हाच त्याचा विषय आहे. आणि तो देण्यापूर्वी आईबापांपैकी एकाने तरी वाचलेला असावा. त्याच्या अखेरच्या पानांत कॅट्निस स्वतः आई झाली आहे. तिला मूल नको होते. पुष्कळ वर्षांनी, भीत भीत, तिने होकार दिला. कुरणात तिची मुलगी नाचते आहे, धाकटा मुलगा तिच्यामागे धावतो आहे. ते कुरण म्हणजे मेलेल्यांना जेथे पुरले ती जागा आहे, हे त्या दोघांनाही ठाऊक नाही. शाळेत त्यांना खेळांविषयी शिकवू लागले आहेत, आणि लौकरच ती काहीतरी विचारतील. काय सांगायचे, कोठून आरंभ करायचा, याचा विचार करीत ती बसली आहे.